वीसच्या स्पीडने

आज माझ्याकडे जेवायला आलेल्या भाच्याने निघताना बाइकची किल्ली उचलली. डोळे लालभडक. विचारलं तर म्हणतो, "आत्या, दारू नाही गं प्यायलो. खाली गांजाचा एकच जॉइंट मारला. आणि मारल्यावर मी उलट हळू चालवतो."

हळू! हा शब्द ऐकला आणि पोटात गोळा आला.

२००८ चा जुलै. गोव्याहून परत येताना दाणोलीत चहाला थांबलो. तिघांनी ओढली. मी नाही ओढली, पण मुकाट गाडीत बसले, म्हणजे मीही त्यातलीच. मित्र वीसच्या स्पीडने आंबोली घाट चढत होता आणि मला वाटत होतं, किती सांभाळून चालवतोय! वळणावर धुक्यातून एसटी आली. लांबलचक हॉर्न. मला दिसली, त्यालाही दिसली. आमची गाडी रस्त्याच्या मधोमध, आणि त्याचे हात हलेचनात. हलले तेव्हा एकदम डावीकडे, थेट कठड्यावर. डाव्या सीटवर माझा भाऊ होता.

गांजा चढला की वेळेचा अंदाज जातो. सरळ रस्त्यावर निभावतं. वळण, हॉर्न, धुकं, समोरची बस हे सगळं एकदम आलं की डोकं मागे पडतं. वीसच्या स्पीडलाही.

यंत्रात फुंकलं की शून्य येतं, याचा या पोरांना केवढा अभिमान! अरे, ते यंत्र दारू मोजतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूला आकडा आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. गांजाला आकडा नाही, पण गाडीवर ताबा राहणार नाही इतकी नशा असेल तर याच कलमाखाली तीच शिक्षा आहे. पहिल्यांदा १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

दारूने जास्त माणसं मरतात, मान्य. पण कुणी पिऊन गाडी काढायला लागला तर आपण सगळे किल्ली काढून घेतो ना? मग इथे का गप्प बसतो? धुळवडीला तर मोठी माणसंच भांगेची थंडाई पाजतात. पोटात गेलेली भांग तासा-दीड तासाने चढते. "काहीच झालं नाही" म्हणत गाडीवर बसलेल्याला ती रस्त्यात गाठते.

मी खूप ओरडले आज त्याच्यावर. बोलू नये ते बोलले. आता तो आतल्या खोलीत झोपलाय आणि दारातून बघताना जीव तुटतोय. बावीस वर्षांचं पोर. त्या जुलैत तो पाच वर्षांचा होता, आजीजवळ ठेवला होता. बाबांचा हात वर का जात नाही, असं विचारायचा. जिन्यावरून पडले, असं आम्ही सांगितलं. आजवर तेच सांगत आलोय.

रात्री दादा येणार आहे. दोघांना समोर बसवून जिन्याची गोष्ट खोटी होती, हे मी सांगणार आहे. दादाला राग आला तरी चालेल.

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.