पंधरा ऑगस्ट : काही नाशिककर सूचना

आधी तारीख नव्हे, वार बघा. शुक्रवार किंवा सोमवार निघाला तरच देश खरा स्वतंत्र झाला असं धरून चाला. रविवार निघाला तर माउंटबॅटनला शिव्या घाला. जपानच्या शरणागतीला दोन वर्षं होतात म्हणून त्यांनी ही तारीख धरली, आपल्या जोडून सुट्टीचा विचारच केला नाही.

सोसायटीचं झेंडावंदन आठला असेल तर सव्वाआठला खाली उतरा. कुणी हटकलंच तर ऐकवा, लाल किल्ल्यावर नेहरूंनी तिरंगा पहिल्यांदा फडकवला तोही 16 ऑगस्टला. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं, तेवढ्यात व्हिडिओ उरकतो. चेअरमन प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा देऊन बसले तरी टाळ्या वाजवा, जिलेबी त्यांच्याच हातात असते.

घरातल्या अठरा वर्षांच्या चिरंजिवांना मात्र उठवू नका. लहान आहे तो अजून. अनंत कान्हेरे याच वयाचा, हे त्याच्या कानावर न गेलेलंच बरं. इथल्याच विजयानंद थिएटरात 21 डिसेंबर 1909 ला 'शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन नाटकाला आला आणि अनंताने त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या 19 एप्रिलला कर्वे आणि देशपांडे यांच्यासोबत तो ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. पोरांना असलं काही सांगितलं की उगाच प्रश्न विचारतात.

त्याच्या नावाचं मैदान आपल्याकडे आहे, तुम्ही तिथे रोज चालायलाही जाता. पण रिक्षावाल्याला 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' म्हणालात तर तो तुम्हाला परगावचे समजून भाडं वाढवेल. 'गोल्फ क्लब' म्हणा. तिथे रणजीचे सामने होतात, गोल्फची काठी कुणी पाहिलेली नाही, तरी गोल्फ क्लबच म्हणा.

साडेनऊला गाडी काढा. बॉनेटवर झेंडा, मागे चार मित्र, आणि थेट पहिनेचा धबधबा. त्र्यंबक रोडवर अर्धं नाशिक पुढे असेलच. या कोंडीत हॉर्न वाजवण्याचं स्वातंत्र्य पुरेपूर उपभोगा. भगूर दुसऱ्या बाजूला आहे. सावरकरांचं जन्मघर काही पळून जात नाही, आणि तिथे भिजता येत नाही.

गच्चीवरचा झेंडा संध्याकाळी उतरवायची घाई करू नका. 2022 पासून घरावर तो रात्रंदिवस ठेवायला परवानगी आहे. तेवढाच नियम पाठ करा, फाटका झेंडा लावू नये हा पुढचा नियम वाचायला गणपतीनंतर बघू. तोवर दोरीवर टॉवेल वाळत घालायला जागा लागलीच, तर काठी जरा भिंतीकडे सरकवा.