एकर हजारो, पण रेल्वे दोनच

कॅनडातल्या शेतीवरच्या तुमच्या लेखात तिथल्या प्रेरी भागातला, म्हणजे सपाट गवताळ मैदानांतला, शेतकरी म्हणजे 'हजारो एकरांचा सुखी जमीनदार' असं चित्र आहे. अहो, एकर वाढले की कर्जही त्याच मापाने वाढतं! २०२१च्या दुष्काळात तिथल्या सस्कॅचेवान प्रांतात कनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) उभा करपला आणि खतांचे भाव नेमके त्याच सुमारास भडकले. खतासाठी लागणारं पोटॅश तिथल्याच जमिनीखालून निघतं, पण भाव जगाच्या बाजाराचा.

वाहतुकीला मात्र लेखात जेमतेम एक ओळ, हे पटलं नाही. तिथून व्हँकुव्हर बंदर हजार किलोमीटरहून लांब, मध्ये रॉकी पर्वत, आणि मोठ्या रेल्वे कंपन्या दोनच : सीएन आणि सीपीकेसी. बहुतेक गावांना त्यातली एकच जवळ, मग घासाघीस कोणाशी करणार? २०१३ला विक्रमी पीक आलं, तर हिवाळ्यात डबेच मिळेनात. शेवटी २०१४ मध्ये सरकारने दोघींना आठवड्याला प्रत्येकी ५ लाख टन धान्य हलवायची सक्ती केली. २२ ऑगस्ट २०२४ला कामगारांशी बोलणी फिसकटली आणि ऐन सुगीच्या तोंडावर दोन्ही एकदम बंद! त्यात व्हँकुव्हरला पाऊस लागला की जहाजात धान्य भरणं थांबतं. जहाज खोळंबल्याचा दंड व्यापारी भरतो म्हणे, पण तो शेवटी भावातूनच कापला जातो.

आणि हो, नोव्हेंबर २०१७ मध्ये आपण पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क लावलं, त्याचाही फटका याच शेतकऱ्याला बसला. लेखात त्याचा उल्लेख हवा होता.