‘आधी फिरून या, मग चान्स घ्या’: एका फॉरवर्डचा समाचार

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चौघींकडून आला. माहेरच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, चिपळूणच्या मैत्रिणीने पाठवला आणि शेवटी खुद्द माझ्या भाचीने, खाली ‘मावशी, हे खरंय का गं?’ असं लिहून. भाची पुण्यात असते, वय ३१. २५ डिसेंबरपासून आठ दिवस ती आणि जावई कोकणात येतायत. हरिहरेश्वर, मग आमचं गुहागर, पुढे गणपतीपुळे आणि शेवटी तारकर्ली. खोल्यांचे पैसे भरून झालेत. आणि आता चान्स घ्यायचा, हेही दोघांचं ठरलंय. म्हणजे मेसेज जणू तिच्यासाठीच लिहिलेला.

मजकूर थोडक्यात असा: ‘मैत्रिणींनो, ट्रिप ठरली असेल तर परत येईपर्यंत बाळाचा विचारही करू नका. एकदा प्रयत्न केला की लगेच दिवस राहतात आणि ट्रिप वाया जाते. गाडीच्या धक्क्याने गर्भ पडतो. समुद्राची हवा आणि मासे उष्ण, गर्भाला सोसत नाहीत. तोवर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्या, म्हणजे पाळीचीही कटकट नाही आणि दिवसही राहत नाहीत. फिरून आल्यावर मन निवांत झालं की पहिल्याच महिन्यात गोड बातमी!’ खाली हात जोडलेले आणि फुलं.

मी डॉक्टर नाही. गुहागरात समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे आणि बावीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. पाळी चुकलेल्या बायका डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे येतात. तेवढ्या अधिकाराने लिहितेय.

पहिलं, ‘एकदा प्रयत्न केला की लगेच राहतात’. कुणी सांगितलं? विशी-तिशीतल्या, सगळं ठीकठाक असलेल्या जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण चारात एक किंवा पाचात एक असते. वर्षभरात शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणींना राहतात, पण त्या वर्षातला कुठला महिना, ते कुणाच्या हातात नसतं. महिन्यातले उपयोगाचे दिवस जेमतेम सहा: बीज सुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच.

मी भाचीला फोनवरच कालनिर्णय काढायला लावलं. तिची पाळी अठ्ठावीस दिवसांची, धरून चाल की १ ऑक्टोबरला आली. पुढच्या तारखा २९ ऑक्टोबर आणि २६ नोव्हेंबर. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. ऑक्टोबरच्या पाळीनंतर राहिलं, तर निघायच्या दिवशी बारा आठवडे आणि एक दिवस होतील. उलट्यांचा जोर बहुतेक ओसरायला लागलेला, पोट अजून दिसत नाही, फिरायला बरे दिवस. २९ ऑक्टोबरच्या पाळीनंतर राहिलं, तर आठ आठवडे आणि एक दिवस. हे अवघड, कारण मळमळ सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि नवव्याच्या आसपास कळसाला असते. आणि २६ नोव्हेंबरनंतर राहिलं, तर पुढच्या पाळीची तारीख येते २४ डिसेंबर, नेमका निघायचा आदला दिवस. बॅगा भरून झालेल्या आणि बाथरूममध्ये किट!

आता शक्यता बघा. तिन्ही महिने चान्स घेतला तरी ट्रिपच्या आधी दिवस राहण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास, आणि नेमका तो मधला, उलट्यांचा महिना लागण्याची साधारण सहात एक. म्हणजे ‘ट्रिप वाया’ जाण्याची खात्री सोडाच, ती सहातली एक शक्यता आहे. त्यातही सगळ्यांना सारखा त्रास होत नाही. काही जणी आठव्या आठवड्यात माझ्यासमोर उभ्या राहून भेळ खातात.

दुसरं, गाडीचे धक्के. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हा दगड मी स्वतः डोक्यावर वाहिलाय. एकोणीस वर्षांपूर्वी मला दिवस होते. नवव्या आठवड्यात देवरुखला एका लग्नाला गेले, जीपच्या मागच्या बाकावर बसून, वाटेत सगळे खड्डे. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी अंगावरून जायला लागलं. चिपळूणला सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, गर्भाची वाढ सातव्या आठवड्यालाच थांबलेली दिसतेय. म्हणजे मी जीपमध्ये चढले, त्याच्या दोन आठवडे आधीच सगळं संपलं होतं. मी हे घरी येऊन सांगितलं. पण पुढची कित्येक वर्षं घरात त्याचं नाव ‘देवरुखची जीप’ असंच राहिलं. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांना दिसलेलं कारण जीप होतं, न दिसलेलं कारण कुणाला सांगणार?

न दिसलेलं कारण पुष्कळदा असं असतं: कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस आपोआप पडतात, त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि अशा सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या चुकीमुळे. ती चूक बीज फळतानाच झालेली असते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत असतं, त्याला मुंबई-गोवा महामार्ग हलवू शकत नाही. (त्या महामार्गाबद्दल माझी वेगळी तक्रार आहे, पण ती कंबरेपुरती.) अपघात ही निराळी गोष्ट, म्हणून सीटबेल्ट लावायचाच, आणि खालचा पट्टा पोटावरून न घेता मांड्यांच्या वर, पोटाच्या खालून घ्यायचा. दर दोन तासांनी उतरून चालायचं, कारण गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. ज्यांना आधी रक्तस्राव झालाय किंवा डॉक्टरांनी काही कारणाने प्रवास नको म्हटलंय, त्यांनी अर्थातच डॉक्टरांचं ऐकायचं.

समुद्राच्या हवेवर एकच वाक्य पुरे: आमच्या किनाऱ्यावर बायका नऊ महिने हीच हवा घेतात आणि वाडीत मुलं भरपूर आहेत.

मासे उष्ण म्हणून वाईट, हेही तसंच. बांगडा, तारली हे छोटे मासे गरोदर बाईला उत्तम. टाळायची ती मोरी, म्हणजे शार्क. ती मोठी, दुसरे मासे खाऊन जगणारी, त्यामुळे तिच्या अंगात पारा जास्त साठतो. गंमत म्हणजे आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीच देतात, आणि तिच्या उष्णतेबद्दल तेव्हा कुणी चकार शब्द काढत नाही. कालवं आणि तिसऱ्या ही शिंपली खायची असतील तर नीट शिजवून.

आता त्या गोळ्या. मेसेजमधलं हे वाक्य वाचून मला खरोखर राग आला. हंगामात रोज एखादी तरी पर्यटक बाई दुकानात येते: ‘उद्या गणपतीपुळ्याला दर्शन आहे, पाळी पुढे ढकलायची गोळी द्या.’ ही नॉरेथिस्टेरॉनची गोळी. डॉक्टर ती पाळीच्या साधारण तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा घ्यायला सांगतात, आणि ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. चिठ्ठी मागितली की मी कटकटी ठरते. पण ही गोळी गर्भनिरोधक नाही. ती सुरू करता त्याच्या बरंच आधी बीज सुटून गेलेलं असतं. त्या महिन्यात संबंध आला असेल तर दिवस राहिलेले असू शकतात, आणि मग पाळी गोळीमुळे आली नाही की बाळामुळे, हेच कळत नाही. दिवस असण्याची शक्यता असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही. म्हणजे मेसेज ज्या बाईला सावध करायला निघालाय, तिलाच नेमकं चुकीचं औषध हातात देतोय. थांबायचंच असेल तर निरोध आहे, नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या आहेत. डॉक्टरांशी बोला. फक्त ‘अंतरा’ ही दर तीन महिन्यांनी घ्यायची गर्भनिरोधक सुई नको. ती उत्तम आहे, पण लवकरच मूल हवं असणाऱ्यांसाठी नाही, कारण शेवटच्या सुईनंतर पुन्हा दिवस राहायला ७ ते १० महिने लागू शकतात. तांबी काढली की मात्र लगेच चान्स घेता येतो.

‘मन निवांत झालं की पहिल्याच महिन्यात’ हे ऐकायला गोड आहे. पण ज्यांना दोन-दोन वर्षं राहत नाहीत, त्यांना लग्नात, हळदीकुंकवात हेच ऐकवलं जातं: टेन्शन सोड, कुठे तरी फिरून ये. बीजवाहक नळ्या बंद असतील तर त्या तारकर्लीला जाऊन उघडत नाहीत. शिवाय दोष दरवेळी बाईतच असतो असं नाही, पुरुषाचीही तपासणी लागते. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून आणि पस्तिशीपुढे असाल तर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचं, दोघांनीही.

बरं, मेसेजात एकही गोष्ट खरी नाही का? थांबणं चूक नाही, एवढी आहे. एकतिसाव्या वर्षी तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. सदतिसाव्या वर्षी मी असं म्हणणार नाही, आणि एका ट्रिपसाठी थांबलेली माणसं पुढे गणपतीसाठी, मग दिराच्या लग्नासाठी थांबतात, हेही पाहिलंय. काही कारणं तर पक्की आहेत. गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची लस घेतली असेल तर पुढे महिनाभर चान्स घ्यायचा नाही. डासांमुळे पसरणाऱ्या झिका तापाची साथ असलेल्या ठिकाणाहून आलात तर बाईने दोन महिने आणि पुरुषाने तीन महिने थांबावं असा सल्ला आहे. आणि झिका म्हणजे परदेशच असं समजू नका, २०२४ मध्ये पुण्यात गरोदर बायकांनाही तो झाला होता.

आणि स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खोल बुडी मारणं. तारकर्लीला येणाऱ्या निम्म्या लोकांचं तेच स्वप्न असतं. दिवस असताना किंवा असण्याची शक्यता असताना स्कूबा करायचं नाही, यात तडजोड नाही. खोल पाण्यातून वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊ शकतात. आपली फुप्फुसं ते गाळून टाकतात, गर्भाची गाळू शकत नाहीत. पॅरासेलिंग आणि बनाना राइडही नको. तोंड पाण्यात घालून वरवर पोहत मासे बघायला हरकत नाही. तसंच वाटेत आरवली, तुरळ, राजवाडीला गरम पाण्याची कुंडं लागतात. पाय बुडवा, गळ्यापर्यंत बसू नका, कारण पहिल्या आठवड्यांत अंगाचं तापमान फार चढणं बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला वाईट. भाचीला मी एवढंच विचारलं: तुला स्कूबा जास्त हवंय की ऑक्टोबर?

मेसेजात नसलेली गोष्ट सांगते, ती या सगळ्यांहून महत्त्वाची. फॉलिक अ‍ॅसिड. बाळाच्या मज्जारज्जूची नळी शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहाव्या आठवड्यापर्यंत मिटते, म्हणजे कित्येकींना दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी चान्स घ्यायच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची. काउंटरवर ५ मिलिग्रॅमचीही मिळते, ती बारापटीहून जास्त, ती डॉक्टरांनी सांगितली तरच.

आणि दिवस राहिलेत असं कळून निघणार असाल, तर शक्यतो सहा ते आठ आठवड्यांची सोनोग्राफी करून निघा. शंभरात एक-दोघींना गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत राहतो, आणि ती नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं. खालच्या पोटात एका बाजूला जोरात दुखणं, अंगावरून जाणं, चक्कर, खांद्यात कळ यातलं काही झालं तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपायचं नाही. गुहागरहून चिपळूण पंचेचाळीसेक किलोमीटर आहे. तवसाळ-जयगड फेरीबोट रात्रभर चालत नाही. मुक्कामाच्या प्रत्येक गावाहून जवळचं मोठं रुग्णालय कुठलं, हे हॉटेलच्या मेनूआधी विचारून ठेवा.

भाचीने तीन दिवसांनी फोन केला. स्कूबाचं बुकिंग एकाचंच ठेवलंय, जावई उतरतील, ती बोटीत बसून फोटो काढेल. फॉलिक अ‍ॅसिड सुरू झालंय. २४ तारखेला शंका आलीच तर किट तुझ्याच दुकानातून घेईन, म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, ते पुण्याहूनच घेऊन ये. गुहागरात माझ्या भाचीने माझ्याच दुकानातून किट घेतलं, तर तू खोलीवर पोचायच्या आत तुझ्या आईचा मला फोन येईल.