अंजदीव ओसाड खडक नव्हता

अंजदीव बेटाविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो: ‘कारवारसमोरचा, कर्नाटकाचा ओसाड खडक. गोडं पाणी नाही म्हणून वस्ती कधी झालीच नाही. १५०५चा पोर्तुगीज किल्ला मात्र अजून उभा. १९६१मध्ये गोळी न झाडता बेट मिळालं.’ यातलं ‘कारवारसमोरचा’ एवढंच खरं आहे.

हद्दीचं आधी. गोवा-कर्नाटक सीमेवरचा पोळेंचा नाका ओलांडून बरंच दक्षिणेला बेट आहे, त्यामुळे नकाशा पाहणाऱ्याची गफलत होते. पण दीडेक चौरस किलोमीटरचं हे बेट पोर्तुगीज काळापासून गोव्याचं, आणि आज काणकोण तालुक्यात मोडतं.

पाण्याचा मुद्दा तर उलटाच. बेटावर गोड्या पाण्याचे झरे आहेत आणि किनाऱ्याकडच्या बाजूला जहाजांना आडोसा मिळतो. म्हणूनच १४९८मध्ये परतीच्या वाटेवर वास्को द गामाने इथे पाणी भरलं, गलबतांचे तळ साफ करून घेतले.

अडचण होती ती शिध्याची आणि पावसाळ्याची. समोरचा किनारा वैरी झाला की धान्य बंद, आणि खवळलेल्या दर्यातून कुमक येणार कशी? पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदा याने १५०५मध्ये बांधायला घेतलेला किल्ला यामुळेच टिकला नाही. १५०६च्या पावसाळ्यात हल्ला झाला, कोचीहून मदत पोचू शकली नाही, आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो स्वतःच पाडला. आजची तटबंदी १६८२मधल्या बांधकामाची. संभाजी महाराज इथे किल्ला बांधू पाहत आहेत असं कळताच पोर्तुगीजांनी ते काम हाती घेतलं. तटाच्या फोटोखाली १५०५ लिहिणारे १७७ वर्षं चुकतात.

बेटावर माणूस तगत नाही, या समजाला आधार मिळतो तो इंग्रजांच्या हालांमुळे. पोर्तुगीजांकडून मुंबईचा ताबा मिळेना म्हणून इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमनची फौज या बेटावर राहिली. झरे होते, पण धड छप्पर नाही, पुरेसं अन्न नाही, त्यात रोगराई. १६६४मध्ये शिपमन तिथेच वारला. १६६५मध्ये मुंबई ताब्यात आली तेव्हा फौजेतले थोडेच जण उरले होते. हा दोष बेटाच्या पाण्याचा नव्हे, बिनतयारीच्या मुक्कामाचा.

किल्ला झाल्यावर मात्र वस्ती झाली. शिबंदी होती, ब्रोतास सायबिणीचं (मेरीमातेचं) चर्च होतं, सांत फ्रान्सिस्कुचं कपेलही (छोटं प्रार्थनाघर) होतं. सायबिणीचं फेस्त (उत्सव) २ फेब्रुवारीला, कपेलाचं ४ ऑक्टोबरला. पलीकडच्या किनाऱ्यावरून भाविक होड्यांनी येत.

आणि ‘गोळी न झाडता’ हे शब्द तर कुणीही पुढे पाठवू नयेत. १८ डिसेंबर १९६१ रोजी ‘त्रिशूल’ युद्धनौकेवरची तुकडी बेटावर उतरली, तेव्हा झालेल्या गोळीबारात नौदलाचे सात जण मारले गेले. नौकांनी तोफा डागल्यावर दुसऱ्या दिवशी शेवटचे पोर्तुगीज सैनिक शरण आले.

आज सामान्य माणसाला तिथे राहता येत नाही, कारण बेट नौदलाच्या कारवार तळात आहे आणि दगडी बांधाने किनाऱ्याला जोडलेलं आहे.