मिठी पुरत नाही: मांडीवरच्या बाळाबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा तोच मेसेज आला: ‘विमानात आईच्या मिठीइतकी सुरक्षित जागा नाही. बाळाची वेगळी सीट म्हणजे नुसती लूट. हादरे बसले तर बाळाला आपल्याच पट्ट्यात घ्या, वरून ऑक्सिजनचे मास्क पडले तर आधी त्याला लावा.’ सुट्टीत लेकरं घेऊन इथल्या सोनेगाव विमानतळावरून पुण्याला निघणाऱ्या कुणी हे ऐकू नये, म्हणून लिहितेय.

आधी मिठीचं. आजच्या विमानातली सीट बसणाऱ्याच्या वजनाच्या १६ पट झटक्याला तपासलेली असते. त्याच्या निम्मा झटका बसला तरी १० किलोचं बाळ हाताला ८० किलोंचं होतं. कोणती आई ते धरून ठेवेल? १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं. त्यात मांडीवरची चार मुलं होती. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांना पायाशी जमिनीवर ठेवून धरायला सांगितलं गेलं. त्यातलं एक वाचलं नाही. ती सूचना देणाऱ्या हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे कित्येक वर्षं बाळांना स्वतंत्र सीट आणि पट्टा मिळावा म्हणून लढा दिला.

दोघांना मिळून एकच पट्टा तर अजिबात नको. झटक्यात आईचं सगळं वजन बाळावर येतं. कर्मचारी बाळासाठी वेगळा पट्टा देतात, तोच लावा.

मास्क आधी स्वतःला. आईचं काळीज हे मानत नाही, माझंही मानलं नव्हतं. पण ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर शुद्धीत हातपाय चालवायला जेमतेम अर्धा ते एक मिनिट मिळतं. बाळाचा मास्क लावता लावता आईच बेशुद्ध पडली, तर त्याच्याकडे बघणार कोण?

राहिली लूट. दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी सीट सक्तीची नाही आणि ती अनेकांना परवडत नाही, हे खरंच. अमेरिकेनेही सक्ती टाळली, कारण खर्चापायी कुटुंबं विमान सोडून रस्त्याने जातील आणि रस्त्यावर धोका जास्त. त्यामुळे सीट परवडली नाही म्हणून गाडी काढू नका. परवडत असेल तर मात्र घ्या, आणि गाडीत बाळासाठी लावतो ती आपली कार सीट विमानात चालेल का हे तिकिटाआधीच कंपनीला विचारा. एप्रिल-मेमध्ये शक्यतो सकाळचं विमान धरा. आपल्याकडे दुपारी जमीन तापली की वर उठणाऱ्या हवेने चढता-उतरताना विमान जास्त हलतं.