कोन्ती निशाणी, भाऊ?

आमच्या तेलाला वास होता, चव होती, गावातल्या सत्तावीस घरांची उधारीसुद्धा होती. लोगो तेवढा नव्हता. तो नाही हे कधी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बाच्या वेळी लोक जवसाचं तेल न्यायला घरूनच बाटली आणायचे आणि त्या बाटलीवर कुण्या ना कुण्या कंपनीचा लोगो आधीच असायचा. बहुतेकदा दारूच्या. आमचा जिल्हा वर्धा, म्हणजे दारूबंदीचा. तेव्हा एवढ्या बाटल्या येतात कुठून, हे बानं कधी विचारलं नाही आणि गिऱ्हाइकानं सांगितलं नाही.

घोळ सुरू झाला तो बायकोच्या बचत गटापायी. वर्ध्याला प्रदर्शन होतं. एक शहरी बाई आमच्या टेबलाशी आली, थेंबभर तेल तळहातावर घेऊन हुंगलं, "वा!" म्हणाली आणि मग बाटली फिरवून फिरवून पाहायला लागली. "ब्रँड कोणता?" बायको म्हणाली, "आमचाच." बाईनं बाटली हळूच होती तिथं ठेवून दिली. शेजारच्या गटाच्या चिक्कीवर एका तिळाचं चित्र होतं. त्या तिळाला डोळे होते आणि तो हसत होता. बाईनं चिक्कीची चार पाकिटं घेतली.

रात्री भाकर वाढता वाढता बायको म्हणाली, "आपल्या तेलाले लोगो पायजे."

मी म्हटलं, "तेल चांगलं असलं म्हंजे..."

"तीळ हासून राह्यला होता," ती म्हणाली. विषय संपला.

माझा भाचा पुण्यात ब्रँडिंगचं काम करतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे माझ्या बहिणीलाही सांगता येत नाही. त्याला फोन केला तर त्यानं आधी प्रश्नपत्रिकाच धाडली. पहिला प्रश्न: तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता? मी प्रामाणिकपणे लिहिलं, उधारी मागायला लाजणारा. दुसरा: तुमचं नाव ऐकताच गिऱ्हाइकाच्या मनात कोणती भावना यावी? लिहिलं, भूक. तिसऱ्याला पाटीवरचा मजकूर विचारला होता. तो मी फोनवरच सांगितला, "लाकडी घाणीचे शुद्ध तेल."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग भाचा म्हणाला, "मामा, इकडं घाणीचं म्हटलं की लोक नाक दाबतील. घाण्याचं लिहा."

जन्म गेला माझा घाणीवर, मला तिच्यात कधी घाण दिसली नव्हती. पण पुण्याला तेल विकायचं तर पुण्याचं नाक सांभाळलं पाहिजे. घाणीचा घाणा झाला.

पैशाचं विचारलं तर भाचा म्हणाला, नात्यातलं काम, फुकट करतो. वर एक गोष्टही सांगितली. नायकेच्या बुटावरची ती प्रसिद्ध खूण १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या कॉलेजातल्या मुलीनं काढून दिली, तिला मिळाले ३५ डॉलर. तेव्हाच्या भावानं अडीचशेच्या थोडे वर रुपये. आणि कंपनीच्या मालकाला ती खूण सुरुवातीला काही फार आवडलीही नव्हती. भाच्याला यातून मला धीर द्यायचा होता. बायकोनं मात्र मोबाईलवर ती खूण नीट पाहिली आणि म्हणाली, "गुरुजी वहीवर मारतात थेच ना हे? त्याचे अडीचशे?"

फुकटच्या कामात एक वाईट असतं, सल्ला द्यायचा हक्क सगळ्या गावाला मिळतो. पानठेल्यावर मी नुसतं बोललो की लोगो काढून राहिलो, तर तिथं ग्रामसभेपेक्षा जास्त कोरम जमला. माजी सरपंच म्हणाले, "घाना म्हनलं की बैल पायजे." मी सांगितलं, घाणा मोटरवर चालतो, बैल विकून वीस वर्षं झाली. ते म्हणाले, "मंग मोटर काढ चित्रात." एकानं शिवाजी महाराज सुचवले. त्याला गुरुजींनी अडवलं. १९५० चा कायदा आहे म्हणाले, महाराजांचं आणि गांधीजींचं नाव किंवा चित्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्याला वापरता येत नाही. मग अशोकचक्र? तेही नाही. पानठेलेवाल्यानं, एवढी बंधनं आहेत तर माझाच फोटो टाका, असं सांगून चर्चा आटोपली.

आईला एकच अट घालायची होती. "तिकोन काहाडू नोको."

"काऊन?"

आणीबाणीच्या वेळची गोष्ट. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण जीपवर दिसला रे दिसला की गावातले बाप्ये तुरीत जाऊन लपायचे, माझा बा त्यात सगळ्यात पुढे. लोगो परिणामकारक असावा असं भाचा सारखा म्हणत होता. एवढा परिणामकारक लोगो मी दुसरा ऐकला नाही.

आईला अक्षर वाचता येत नाही, पण खुणा तिच्याइतक्या कुणी वाचत नाही. माळकरी आहे. बिस्किटाचा पुडा असो की शेवया, आधी हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका शोधेल, तो सापडला की मगच पाकीट चुलीपर्यंत जाईल. मला विचाराल तर आपल्या देशातला सगळ्यात उत्तम लोगो तोच. एक चौकोन, एक ठिपका, आणि तो काढणाऱ्याला पानठेल्यावर कुणी काही विचारलेलं नसावं.

शेवटी फूल ठरलं. जवसाचं फूल ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पाच पाकळ्या, निळा रंग, आणि सकाळी उमललेलं फूल दुपारपर्यंत गळून जातं. उशिरा उठणाऱ्याला जवसाच्या शेतात नुसता हिरवा पाला दिसतो. मी पौषातल्या थंडीत सात वाजता शेतात उकिडवा बसून फोटो काढले. शेजारच्या धुऱ्यावरून काका ओरडले, "काय हरवलं बे?" म्हटलं, लोगो. त्यांना वाटलं, हे जनावराचं नाव आहे. दिवसभर त्यांनी लोगो कुठं दिसतो काय याची चौकशी केली.

भाच्यानं सुंदर फूल काढून पाठवलं, व्हॉट्सॲपवर. मी ते तसंच हिंगणघाटच्या एका फ्लेक्सवाल्याकडे धाडलं. त्यानं ते सहा बाय चारचं केलं तर फुलाच्या जागी निळ्या चौकड्यांची सतरंजी झाली. भाच्यानं समजावलं ते मला पटलं. म्हणाला, तुम्ही धाडलं ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखं, ताणलं की ठिपके फाकतात. वेक्टर म्हणून दुसरी फाइल असते, तिच्यात ठिपके नसतात, रेषेचा हिशोब असतो. ती नखाएवढी काढा नाही तर पाण्याच्या टाकीएवढी, फाटत नाही. मग ती फाइल आली. फ्लेक्सवाल्यानं ती कोरल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि त्याच्या सवयीनं पहिला प्रश्न विचारला, "शुभेच्छुक कोन कोन?"

"शुभेच्छुक नाहीत."

"नेते?"

"नाहीत."

"मंग वरची पट्टी रिकामी दिसन ना भाऊ." त्याला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो चेहऱ्याशिवाय फ्लेक्स छापत होता. छापून आल्यावर फूल वांग्याच्या रंगाचं निघालं. मोबाईलवरचा निळा प्रकाशाचा असतो आणि छापखान्याचा शाईचा. गडद निळा शाईत उतरला की जांभळ्याकडे झुकतो, हे मला तीनशे चाळीस रुपयांत शिकायला मिळालं. आई म्हणाली, "वांग्याचं तेल काहाडलं काय रे?"

रंग सुधारला तर शिक्केवाला अडला. बिलावर मारायला रबरी शिक्का हवा होता. पाच पाकळ्या एवढ्याशा जागेत कोरल्या की शाई भरून सगळा एकच गोळा व्हायचा. बाटलीच्या झाकणावरही तेच. भाचा म्हणाला, "मामा, चांगला लोगो एका रंगात आणि नाण्याएवढ्या जागेत ओळखू आला पाहिजे. साधं करू." त्यानं पाचाच्या तीन पाकळ्या केल्या. व्हॉट्सॲपच्या डीपीत कोपरे कापले जातात म्हणून भोवती गोल काढला. फूल हवेत तरंगतं म्हणून खाली दांडा दिला. बूड नाही वाटलं म्हणून दांड्याखाली दोन पानं आडवी ठेवली. प्रत्येक वेळी कारण बरोबर होतं आणि प्रत्येक वेळी मी होकार दिला, हे इथं कबूल करतो.

लेबलची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण लेबलवर लोगोला जागाच थोडक्यात मिळाली. एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचा चौदा आकडी नंबर, त्यांचा स्वतःचा लोगो, हिरवा ठिपका, वजन, किंमत, तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन. एवढ्या सरकारी पाहुण्यांना पाटावर बसवल्यावर घरचं फूल कोपऱ्यात उभं राहिलं.

ट्रेडमार्कसाठी सीएंकडे गेलो. त्यांनी सांगितलं, जगातला सगळा माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत, खाद्यतेल येतं २९ मध्ये. लहान धंद्याला ऑनलाइन अर्जाची फी ४,५००, नोंदणी दहा वर्षांची. अर्ज केला की टीएम लावा, पण गोलातला आर नोंदणी झाल्याशिवाय लावला तर गुन्हा. हे सगळं मी घरी येऊन उत्साहात सांगितलं आणि चूक केली. त्या २९ नंबरच्या वर्गात आणखी काय काय येतं, असं आईनं विचारलं. मटण, मासोळ्या, कोंबडी आणि अंडी. तीन दिवस तिनं आमच्या घाण्याचं तेल भाजीत घातलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर पाटी लागली. रस्त्यापलीकडून दिसेल अशी, लोखंडी फ्रेममध्ये. मी चहाचा कप घेऊन समोर उभा राहिलो. पहिली सायकल थांबली.

"कोन्त्या वार्डातून उभे हाय, भाऊ?"

मला कळलं नाही. दुसऱ्यानं विचारलं, "पंखा भेटला काय तुमाले?" तेव्हा मी कप खाली ठेवला आणि पाटीकडे नव्या डोळ्यांनी पाहिलं. गोल. आत तीन पाती. खाली दांडा. दांड्याखाली बूड. टेबल पंखा! बटण तेवढं काढायचं राहिलं होतं.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. गावच्या निवडणुकीत पक्षांची चिन्हं नसतात, आयोगाच्या यादीतली मोकळी चिन्हं वाटतात, कपबशी, शिट्टी, नारळ अशी. आमच्याच वार्डातल्या एका उमेदवाराला मिळाला होता पंखा. तो आनंदात येऊन मला मिठी मारून गेला. कपबशीवाला संध्याकाळी आला आणि मिठी न मारता गेला. त्याच्या भावकीतल्या नऊ घरांनी दुसऱ्या दिवसापासून सोयाबीनचं पाकीट आणायला सुरुवात केली.

निवडणुकीच्या कामावरचे साहेब आले. मी त्यांना भाच्यानं काढलेल्या पाच पाकळ्यांपासूनच्या सगळ्या पायऱ्या मोबाईलवर दाखवल्या. त्यांनी शांतपणे पाहिल्या. "फूल असेल हो. पण मतदाराला काय दिसतं?" यावर मला उत्तर देता आलं नाही, नेमकं हेच वाक्य भाचाही सहा महिने सांगत होता. गुरुजींनी माझी समजूत घातली. २०१२ साली उत्तर प्रदेशात मायावतींच्या पक्षाची निशाणी हत्ती म्हणून आयोगानं उद्यानांतले दगडी हत्ती झाकायला लावले होते. हत्ती झाकले गेले, तिथं आपलं फूल काय!

कोठ्यातून मोठं पोतं आणलं, फाडून पाटीवर बांधलं. गावात तासाभरात बातमी फिरली, "पंखा बसला!" बसला म्हणजे उमेदवारानं माघार घेतली. बिचारा घरोघरी सांगत फिरला की मी उभाच आहे, झाकलंय ते तेलाचं फूल आहे. यानं लोकांचा गोंधळ आणखी वाढला. सात मतांनी पडला. आता तो माझ्याशी बोलत नाही आणि त्याची अकराशे चाळीस रुपयांची उधारीही बोलत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. पोतं बांधलं त्याच दिवशी दुपारी तीन माणसं आली आणि ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली जनावरांची पेंड, मागायला लागली. घाण्याची जवसाची ढेप कोठ्यात पडून होतीच, दिली. दुसऱ्या दिवशी सात आली. चौथ्या दिवशी ढेप संपली. बाहेर जाऊन पाहिलं तेव्हा उलगडा झाला. पोतं सरकीच्या ढेपेचं होतं. त्यावर एका रंगात, ठसठशीत, रस्त्यापलीकडून काय, यष्टीच्या खिडकीतूनही ओळखू यावा असा बैल छापलेला होता.

निकालानंतर पोतं काढलं, फूल मोकळं झालं. दोन हजार लेबलं छापून ठेवल्यामुळे ते बदलायचा प्रश्न नव्हता. नागपूरहून परवा फोन आला, "पंखा छाप तेल दोन लिटर पाठवा." बायकोनं हिशोबाच्या वहीत तसंच लिहून घेतलं. मी पाटी पुसत होतो, तेवढ्यात धुऱ्याशेजारचे काका बैलबंडी घेऊन थांबले. बराच वेळ वर पाहत राहिले.

"काऊन रे," ते म्हणाले, "बैल काहाडला? ढेप बंद केली काय?"