प्रत्येक डिस्क एकटी पुरली पाहिजे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑफिसच्या संगणकाचा बॅकअप तीन डिस्कवर आलटून पालटून घ्यावा आणि दर आठवड्याला एक फुल घ्यावा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. तीन डिस्क आलटून पालटून वापरणं छोट्या ऑफिसला झेपत नाही. एक मोठी डिस्क कायम जोडून रोज इन्क्रिमेंटल बॅकअप (मागच्या बॅकअपनंतर बदललेल्या फाइलींचाच) घेतला, तर दर आठवड्याच्या फुल बॅकअपची (सगळ्या फाइलींच्या) गरज नाही. आणि डिस्क आठवड्याच्या मधेच बदलली तर पुढचा इन्क्रिमेंटल कशाच्या आधारावर घ्यायचा, हे माझ्या लेखात नाही.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. ‘जी डिस्क हाताशी असेल तिच्यावर त्या दिवसाचा इन्क्रिमेंटल घ्या’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. आम्ही डिस्क फक्त शुक्रवारी बदलतो, त्यामुळे ही अडचण कधी समोर आली नाही आणि लिहिताना निसटली. आज लेख दुरुस्त केला आहे.

चूक नेमकी कुठे होते ते सांगतो. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला ‘आर्काइव्ह’ नावाची एक खूण असते. फाइल बदलली की ती चढते. फुल किंवा इन्क्रिमेंटल बॅकअप झाला की उतरते. समजा, या खुणेवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने सोमवारी लाल डिस्कवर इन्क्रिमेंटल घेतला आणि मंगळवारी तुम्ही निळी जोडली. सोमवारी बदललेल्या फाइलींची खूण आधीच उतरलेली असते, म्हणून पुढच्या फुलपर्यंत त्या निळीवर जातच नाहीत. मग सोमवारचं काम लालवर, मंगळवारचं निळीवर, आणि दोन्ही शाबूत राहिल्या तरच सगळं परत मिळणार. धोका कमी करायला घेतलेली दुसरी डिस्क उलट तो वाढवते. लिनक्सवरचा जीएनयू टार हा प्रोग्रॅम खुणेऐवजी नोंदफाइल वापरतो, म्हणजे आधी काय घेऊन झालं याची नोंद एका फाइलीत ठेवतो. तिथे प्रत्येक डिस्कची नोंदफाइल वेगळी ठेवली की झालं.

आता कायम जोडलेल्या एका डिस्कबद्दल. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर व्हायरस आला तर संगणकाला जोडलेली बॅकअपची डिस्कही तो कुलूपबंद करतो. आणि आमचं ऑफिस सांगलीत मारुती चौकाजवळ, तळमजल्यावर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात संगणक, स्कॅनर आणि त्या आठवड्याची जोडलेली डिस्क, सगळं पाण्याखाली गेलं. त्या वर्षी प्राप्तिकर विवरणपत्रांची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली होती, म्हणजे अशिलांची कागदपत्रं ऐन भरात होती. वाचली ती विश्रामबागेतल्या घरी ठेवलेली डिस्क. तिच्यात गुरुवार, १ ऑगस्टच्या रात्रीपर्यंतचं सगळं होतं. शुक्रवार आणि शनिवार, दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. एकच डिस्क ऑफिसात असती तर अशिलांना काय तोंड दाखवलं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

तीनच का, दोन का नाहीत? दोनच असल्या तर शुक्रवारी संध्याकाळी घरची डिस्क ऑफिसात आली की दोन्ही एकाच टेबलावर असतात. तिसरी असली की एक कायम घरी राहते. आमच्याकडे शुक्रवारी सर्वांत जुनी डिस्क ऑफिसात येते, आठवडाभर वापरलेली घरी जाते. रात्री नव्या डिस्कवर फुल, मग रविवार सोडून गुरुवारपर्यंत तिच्यावरच इन्क्रिमेंटल. खटाटोप म्हणाल तर एवढाच, डबा घरी न्यायचा त्याच पिशवीत डिस्क टाकायची.

दर आठवड्याला फुल घेतो कारण इन्क्रिमेंटलची साखळी लांबली की ती कमकुवत होते. परत आणताना फुल आणि त्यानंतरचा प्रत्येक इन्क्रिमेंटल क्रमाने लागतो. मधला एक खराब निघाला तर पुढच्यांचा भरवसा उरत नाही. वर्षाला एकच फुल घेतला तर साखळी तीनशे कड्यांची होते, आमची पाचांची असते. हेही नको असेल तर डिफरन्शियल घ्या, म्हणजे दर वेळी शेवटच्या फुलनंतर बदललेलं सगळं. तो रोज थोडा मोठा होत जातो, पण परत आणायला फुल आणि शेवटचा डिफरन्शियल एवढेच दोन पुरतात. आमचा डेटा सुमारे १८० जीबी आहे. फुलला दीड-दोन तास लागतात आणि तेव्हा ऑफिस बंद असतं. एक टीबीच्या डिस्कवर असे चार फुल मावतात, म्हणून नवा फुल पूर्ण होऊन तपासल्याशिवाय जुना पुसत नाही.

दर तीन महिन्यांनी मी घरची एक डिस्क दुसऱ्याच लॅपटॉपला जोडतो आणि फक्त तिच्यावरून सगळं परत आणून बघतो. बाकीच्या दोन डिस्कना तेव्हा हात लावायचा नाही. तुम्ही तुमच्या डिस्कवर हे एकदा करून पाहावं, अशी मनापासून विनंती आहे. तुमचा प्रोग्रॅम कोणता ते कळवलंत, तर तो आर्काइव्हची खूण बघतो की स्वतःची नोंद ठेवतो ते मिळून तपासू.